आखाजीच्या आधी क्लस्टरची तयारी

मार्च सरला की जळगाव-भुसावळचा पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात ४५ च्याही वर जातो. नेमक्या याच दिवसांत कॉलेजांच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट आणि प्रबंधांची गणितं रांग लावतात: केळीच्या पानांच्या फोटोंवरून करपा ओळखणारं मॉडेल, तापीच्या खोऱ्यातल्या पावसाचं सिम्युलेशन. क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या जोडलेल्या मशीनचा गट, आठ-दहा मशीनचाच असला तरी तो कमी विजेत चालवण्याची तयारी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी उरकून घ्या. मुलं सणाला गावी गेली की लॅब मोकळी मिळते, पण तेव्हा हाताशी माणूस नसतो.

पहिलं काम मोजमापाचं. प्रत्येक मशीनच्या प्लगला वीजमापक लावा आणि दोन आकडे वहीत लिहा: मशीन रिकामी असताना किती वॅट, पूर्ण कामात असताना किती. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ च्या सँडी ब्रिजपासून रॅपल नावाचे ऊर्जा-काउंटर आहेत. ते लिनक्समधून सहज वाचता येतात, पण त्यांत पंखे आणि पॉवर सप्लायची गळती धरलेली नसते. म्हणून प्लगवरच्या मापकाचा आकडाही हवाच. गूगलचे अभियंते बरोसो आणि हॉल्झले यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं होतं की तेव्हाचा सर्व्हर काहीही न करता कमाल विजेच्या निम्म्याच्या आसपास वीज घेत होता. आजच्या मशीन सुधारल्या आहेत. तुमच्या लॅबमधल्या किती सुधारल्या, ते वहीच सांगेल.

माझ्या मते खरी बचत इथेच आहे. कोरड्या विहिरीवर मोटार चालू ठेवावी, तशा रिकाम्या नोड, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीन, रात्रभर चालू असतात. म्हणून काम सगळ्या नोडवर पातळ पसरू नका. थोड्या नोड गच्च भरा आणि बाकीच्या बंद करा. नोडना कामं वाटून देणारं स्लर्म हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर सर्वांत मोकळ्या नोडला आधी काम देण्याची सेटिंग चालू नाही ना, ते बघा. मग सस्पेंडटाइम, म्हणजे किती वेळ रिकामी राहिल्यावर नोड बंद करायची, ते ठरवा. समजा रिकामी नोड १२० वॅट घेते आणि पुन्हा उठायला तिला ३ मिनिटं २०० वॅट लागतात, म्हणजे १० वॅट-तास. मग ५ मिनिटांहून जास्त बंद राहिली तरी ती फायद्यातच. तरी डिस्कची चालू-बंद झीज लक्षात घेऊन मी अर्धा तास, म्हणजे १८०० सेकंद ठेवायला सांगेन. रिझ्यूमटाइमआउट, म्हणजे नोडला पुन्हा उठायला दिलेली मुदत, मात्र विसरू नका. तो मुळात ६० सेकंद असतो आणि तेवढ्यात बहुतेक सर्व्हर उठत नाहीत. मग स्लर्म त्या नोडला मेलेली समजतं. वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून मशीन चालू करण्याची सोय) प्रत्येक मशीनच्या बायोसमध्ये चालू आहे का, ते एकेक करून तपासा. फाइलींचे तुकडे (ब्लॉक) करून ते अनेक नोडवर साठवणाऱ्या हडूपचा डेटा त्याच नोडवर असेल तर आणखी जपा: प्रत्येक ब्लॉकच्या सहसा तीन प्रती असतात, पण तिन्ही बंद केलेल्या नोडवर असल्या तर फाइल वाचता येणार नाही. प्रत्येक ब्लॉकची निदान एक प्रत असलेल्या नोडचा गट ठरवून तो जागा ठेवा.

त्यानंतर प्रोसेसरच्या गतीकडे या. प्रोसेसरची चालू कामाची वीज व्होल्टेजचा वर्ग आणि फ्रिक्वेन्सी (गती) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. म्हणून गती कमी केली की व्होल्टेजही खाली येत असेल, तर बचत मोठी होते. धरून चला की एक तासाच्या कामाला ३०० वॅट लागतात, त्यातले १२० रिकामपणाचे. गती दोन-तृतीयांश केली आणि व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरलं, तर १७३ वॅटवर दीड तास, म्हणजे सुमारे २६० वॅट-तास. व्होल्टेज जागचं हललं नाही तर २४० वॅटवर दीड तास, म्हणजे ३६०. पूर्ण वेगात उरकून लगेच बंद केलं तर ३००, पण उरकल्यावर अर्धा तास नोड तशीच जागी राहिली तर पुन्हा ३६०! म्हणून ‘हळू चालवा’ किंवा ‘पटकन संपवा’ असा सरसकट नियम लावू नका. तुमच्याच दोन-तीन नेहमीच्या जॉबवर दोन्ही गतींनी मोजून बघा. ज्या कामात प्रोसेसर बहुतेक वेळ मेमरीची वाट बघतो, तिथे गती उतरवली तरी वेळ फारसा वाढत नाही. अशी कामं आधी हेरा.

एकमेकांवर अवलंबून असलेल्या टास्क असतील तर आधी सर्वांत लांब साखळी शोधा. तिला पूर्ण वेग द्या. बाजूच्या टास्कना जेवढी सवड आहे, तेवढ्यातच त्यांची गती उतरवा.

आता माणसांचं काम. दोन तासांच्या जॉबला मुलं बिनधास्त चोवीस तास लिहितात आणि मग मोठ्या जॉबच्या मधल्या फटीत छोटे जॉब बसवण्याची स्लर्मची सोय, म्हणजे बॅकफिल, चालत नाही. वेळेचा अंदाज कसा लिहायचा, हे त्यांना प्रत्यक्ष बसवून शिकवा. हा अर्धा तास कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त फळतो, असं मला मनापासून वाटतं.

जॉब कधी चालवायचे, हा आपल्याकडचा अवघड प्रश्न. तुमच्या जोडणीला वेळेनुसार दर असेल तर बिलावरचे तासांचे पट्टे नीट वाचा. पूर्वी रात्र स्वस्त असे. साक्रीसारखे सौर प्रकल्प वाढल्यापासून दिवसाच्या तासांना सवलत देण्याकडे कल आहे. पण वैशाखातल्या दुपारी एसीला किती झगडावं लागतं, तेही मोजा. खोलीची एकूण वीज भागिले मशीनची वीज, हा आकडा दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा काढा. समजा दुपारी १.६ आणि पहाटे १.३ आला, तर तेच काम पहाटे जवळजवळ एक-पंचमांश कमी विजेत होतं. दुपारची सवलत त्याहून मोठी असेल तरच दुपारी चालवणं परवडतं. जॉब देतानाच सुरू होण्याची वेळ सांगता येते, ती सोय वापरा. खोली १८ अंशांवर गारठवू नका. मशीनच्या तोंडाशी २७ अंशांपर्यंतची हवा ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीत बसते. जाळ्यांवरची धूळ मात्र काढाच. पंख्याची वीज वेगाच्या घनाने वाढते, म्हणून तुंबलेली जाळी थेट बिलात दिसते.

शेवटी लाइट जाण्याची तयारी. अठरा तास चाललेला जॉब वाऱ्या-वादळात मेला तर अठरा तासांची वीज वाया जाते. म्हणून चेकपॉइंट घ्या, म्हणजे झालेलं काम मधेमधे डिस्कवर साठवा. तो किती वेळाने घ्यायचा, याचं यंग यांचं १९७४ चं सूत्र सोपं आहे: चेकपॉइंटला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधला सरासरी वेळ यांच्या गुणाकाराची दुप्पट करून वर्गमूळ काढा. चेकपॉइंटला २ मिनिटं लागत असतील आणि दिवसातून एकदा लाइट जात असेल, तर उत्तर सुमारे ७६ मिनिटं येतं. यूपीएसचा सिग्नल स्लर्मपर्यंत पोहोचतो का, हे मेन स्विच बंद करूनच बघा. त्याच वेळी एक चालू जॉब मुद्दाम मारा आणि तो मागच्या चेकपॉइंटपासून उठतो का, हे त्याच्या मालकाला शेजारी बसवून तपासा.