बोट रंगवण्याआधी मेण काढा
जुन्या फायबरग्लासच्या बोटीवर सरळ सँडपेपर चालवू नका. वर्षानुवर्षं केलेल्या पॉलिशचं मेण तिच्यावर असतं. घासलं की ते ओरखड्यांत दाबलं जातं आणि पुढे रंगाचे पापुद्रे निघतात. आधी साबणाने धुवा, मग मेण काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसा, फडकं सारखं बदलत. पाणी ओतून पाहा: थेंब गोळा होऊन उभे राहिले तर मेण अजून आहे, पुन्हा पुसा. यात कंटाळा नको, सगळा रंग यावरच टिकतो. मग २२० नंबरच्या पेपरने घासा, मास्क लावूनच.

उघड्यावर दवाला जपा. टू-पॅक पॉलियुरेथेन (दोन डब्यांतले भाग मिसळून लावायचा चकचकीत रंग) ओला असताना दव पडलं की चकाकी गेलीच. सकाळी पृष्ठभाग पूर्ण सुकल्यावर सुरुवात करा, दुपारीच हात थांबवा. कडक ऊनही टाळा.