वाळूच्या टिपरवर चालक म्हणून रुजू होताना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वाळूच्या वाहतुकीचे काम शोधणाऱ्या नव्या चालकाने नदीपात्राकडे न पाहता आधी खडीक्रशर गाठावा. येरळा आणि माणगंगेच्या वाळूचे नाव अजूनही निघते. परंतु काळा दगड फोडून केलेल्या क्रश सँडला खेपा अधिक नियमित मिळतात आणि मालाचे कागद जागेवरच तयार होतात, ही बाब चालकाच्या दृष्टीने भाड्याच्या दराइतकीच मोलाची आहे.

परवान्याचा मार्ग सरळ आहे. हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा आणि वयाची २० वर्षे पूर्ण झालेली असावीत. त्यानंतर सातारा, कराड किंवा सांगली येथील परिवहन कार्यालयात जड मालवाहू वाहनासाठी अर्ज करता येतो. हा परवाना दर पाच वर्षांनी नूतनीकरणास येतो.

वाळू आणि क्रश सँड ही दोन्ही गौण खनिजे असल्याने प्रत्येक खेपेबरोबर महाखनिज या राज्य सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून निघालेला वाहतूक पास लागतो. पासवरील गाडीचा क्रमांक, ब्रासचा (वाळू मोजण्याच्या मापाचा) आकडा, पोहोचण्याचे ठिकाण आणि वेळेची मुदत चालकाने स्वतः वाचावी. "पास मागाहून पाठवतो" असे मालक म्हणाला, तर गाडी क्रशरच्या फाटकातच उभी ठेवावी, कारण वाटेत तलाठी किंवा मंडल अधिकाऱ्यांनी गाडी थांबवली की उत्तर देण्यासाठी चाकामागे मालक बसलेला नसतो. जी.पी.एस. यंत्र बंद पडले असेल तर तेही निघण्यापूर्वीच सांगावे.

खरी गोम वजनात आहे. व्यवहार ब्रासमध्ये होतो आणि कायदा टनांत मोजतो, त्यामुळे हा हिशेब चालकाला तोंडपाठ हवा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १.६ टन धरली तरी ब्रासला साडेचार टन भरतात. धुतलेला किंवा पावसात भिजलेला माल त्याहून जड असतो. दहा चाकी टिपरच्या आर. सी. बुकात मालासह २८.५ टनांची नोंद असेल आणि रिकामी गाडी १२ टनांची असेल, तर मालासाठी साडेसोळा टन उरतात, म्हणजे जेमतेम साडेतीन ब्रास. हौद्यात मात्र बऱ्याचदा पाच ब्रास मावतात, आणि लोडरवाला हौदा पाहून भरतो, आर. सी. बुक पाहून नव्हे. पाच ब्रास भरले की सुमारे सहा टन जादा होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार त्याचा दंड २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, म्हणजे ३२,००० रुपये होतो; शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. म्हणून भरल्यावर लगेच वजनकाट्यावर जावे, पावती जपावी आणि जादा माल तिथेच काढायला लावावा. पहिल्या दिवशी हे सांगताना संकोच वाटतो. महिनाभराने सांगायला गेल्यास ते कोणी मनावर घेत नाही.

निघताना ब्रेकच्या एअर टाकीत साचलेले पाणी सोडावे, गेजवर पुरेसा दाब चढेपर्यंत थांबावे आणि ताडपत्री चारही बाजूंनी बांधावी. भरलेली गाडी घाटात उतरवताना, मग तो खंबाटकी असो वा कुंभार्ली, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकून एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणाऱ्या ब्रेकवर) गाडी धरावी. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणारे चालक अजूनही भेटतात. त्यांच्याकडून ही एक गोष्ट शिकू नये. उसाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अचानक समोर येतात, तेव्हा वेग असा ठेवावा की दिव्याच्या उजेडात दिसते तेवढ्या अंतरात गाडी थांबेल.

माल ओतण्याची जागा आधी पायी फिरून पाहावी. जमीन सपाट आणि घट्ट असावी, वर विजेच्या तारा नसाव्यात आणि फाळक्याजवळ (हौद्याच्या मागच्या झडपेजवळ) कोणी उभे नसावे. ओली वाळू हौद्याच्या एका कोपऱ्यात चिकटून राहिली की वर गेलेला हौदा एका अंगाला कलतो. अशा वेळी गाडी पुढे-मागे करून हिसके देण्याचा मोह टाळावा. हौदा खाली घ्यावा, माल फावड्याने मोकळा करावा आणि मगच पुन्हा उचलावा. उचललेल्या हौद्याखाली आधार लावल्याशिवाय हात घालू नये, क्लीनरलाही घालू देऊ नये. हौदा पूर्ण बसला, पी.टी.ओ. (हौदा उचलायला इंजिनाची ताकद देणारा जोड) सुटला आणि फाळक्याची कडी लागली, हे खाली उतरून पाहिल्यावरच जागा सोडावी.

पगार खेपेवर ठरला असेल तर प्रत्येक खेपेची तारीख, पास क्रमांक, काट्याचे वजन आणि घेतलेली उचल स्वतःच्या वहीत लिहावी, आणि आठवड्याला एकदा त्या पानावर मालकाची सही घ्यावी.