इटलीत भाड्याची गाडी आणि ZTL चा प्रश्न असा सोडवला

टस्कनी गाडीनेच बघायची होती, पण फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात झेडटीएल (मर्यादित वाहतुकीचा भाग) आहे, म्हणजे परवाना नसलेली गाडी आत गेली की कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंड नंतर पोस्टाने घरी, वर रेंटलवाल्यांची फी वेगळीच कार्डावर. आमचं हॉटेल नेमकं आतच. मग प्लॅनच उलटा केला, आधी फ्लॉरेन्स पायी बघून घेतलं (उफिझी या कलासंग्रहालयाचं तिकीट आधीच ऑनलाईन काढा हो, रांग भयंकर असते) आणि शहर सोडताना टी२ ट्रामने एअरपोर्टला जाऊन तिथून गाडी घेतली, तो भाग झेडटीएलच्या बाहेर येतो.

सिएनाला सांता कातेरिना पार्किंगला गाडी लावली, तिथून सरकते जिने थेट वर जुन्या गावात नेतात, आईचे गुडघे दुखतात त्यामुळे हे फार म्हणजे फारच बरं वाटलं.

आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) निघण्याआधी आरटीओतून काढून घ्या, इटलीत आपल्या लायसन्सबरोबर तो लागतोच. डिपॉझिटला शक्यतो क्रेडिट कार्डच, तेही ड्रायव्हरच्या नावाचं. आणि ऑटोमॅटिक हवी तर बुकिंगमध्येच तशी निवडा, तिकडे मॅन्युअल गाड्या खूप असतात.