बेचाळीस रात्री, पुन्हा एकदा

दहाव्या वर्षी मी ‘श्यामची आई’ तीन दिवसांत, रडत रडत संपवलं होतं. गेल्या पावसाळ्यात, सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा हातात घेतलं. तुम्हीही घेणार असाल तर घाई करू नका. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं, पण श्याम मात्र ते ४२ रात्री सांगतो. आपणही जेवणं आटोपल्यावर रोज एकच रात्र वाचावी.

शक्यतो जुनीच प्रत शोधा. माझी माहेरी माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली, कसरीने खाल्लेली. अशी प्रत दोन दिवस सावलीत उघडी ठेवा, मऊ ब्रशने हलकेच झटका. फाटक्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नका. ती पिवळी पडते आणि कागदही खराब करते.

उघडण्याआधी काय काय आठवतं ते वहीत लिहून काढा. माझ्या यादीत पोहायला घाबरणारा श्याम होता, तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने धोंड्यावर पसरलेलं लुगडं होतं. कर्ज नव्हतंच! आता सावकाराचा माणूस दारात येऊन बोलतो ती रात्र वाचली आणि पुस्तक मिटून बसले. तेव्हा मी श्याम होते. या खेपेला त्या माउलीच्या डब्यात तांदूळ किती उरले असतील, हेच मनात येत राहिलं.

एखादी रात्र मोठ्याने वाचा. मी धाकट्या भावाला फोनवर वाचून दाखवली. आवाज अडकला तर थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं, उरलेलं उद्या.