छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये उघड्या फाइलींची नोंद कशी ठेवावी

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींच्या मुळाशी सेन्सर बसवून मातीतील ओलावा मोजायचा आणि तो एसडी कार्डावर लिहून ठेवायचा, हा गोव्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा प्रकल्प आहे. अशा यंत्रात सेन्सर, बॅटरी आणि पाणी न शिरणारी पेटी यांचा विचार बारकाईने होतो. कार्डावरील फाइलींचा विचार मात्र उघडणे, लिहिणे आणि बंद करणे एवढ्यावरच थांबतो. सत्तरी तालुक्यात ऐन आषाढात वीज गेली, किंवा यंत्र महिनाभर न थांबता चालले, की नेमकी हीच बाजू दगा देते. म्हणून कोणती फाइल कोणी उघडली आहे, ती कुठवर वाचली गेली आहे आणि तिच्यात काय लिहायचे बाकी आहे, याची नोंद यंत्रातील छोटी ऑपरेटिंग सिस्टिम कशी ठेवते आणि ती व्यवस्था आपण कशी उभारावी, हे येथे क्रमाने सांगितले आहे. वाचकाला सी भाषेतील स्ट्रक्चर, पॉइंटर आणि म्युटेक्स यांची ओळख आहे, असे धरले आहे.

आधी तीन थर समजून घ्यावेत

लिनक्समध्ये ही नोंद तीन थरांत विभागलेली असते. प्रत्येक प्रोसेसचा स्वतःचा एक तक्ता असतो आणि त्यातील घराचा क्रमांक म्हणजेच फाइल डिस्क्रिप्टर. ०, १ आणि २ हे क्रमांक प्रमाण इनपुट, प्रमाण आउटपुट आणि त्रुटी-संदेश यांसाठी आधीच वापरात असतात, त्यामुळे प्रोग्रॅमने उघडलेल्या पहिल्या फाइलला सहसा ३ हा क्रमांक मिळतो. या घरात फाइलची माहिती नसते. तेथून दुसऱ्या थरातील एका नोंदीकडे पॉइंटर जातो, आणि त्या नोंदीत वाचन-लेखनाचे चालू स्थान व फाइल कोणत्या परवानगीने उघडली आहे हे असते. तिसऱ्या थरात आयनोड असतो. फाइलचा आकार किती आणि तिचा मजकूर कार्डावर कोठे आहे, हे तो जाणतो.

हे थर वेगळे का ठेवले आहेत, हे दोन प्रसंगांवरून कळते. एकच फाइल दोनदा स्वतंत्रपणे उघडली, तर दुसऱ्या थरात दोन नोंदी तयार होतात, त्यामुळे प्रत्येकाचे वाचनाचे स्थान वेगळे राहते. आयनोड मात्र एकच असतो, म्हणून फाइलचा आकार दोघांनाही सारखाच दिसतो. याउलट उघड्या फाइलीसह प्रोसेसने फोर्क केले, म्हणजे स्वतःची प्रत असलेली नवी प्रोसेस तयार केली, तर मूळ आणि नवी प्रोसेस दुसऱ्या थरातील एकच नोंद वाटून घेतात, आणि एकीने शंभर बाइट वाचले की दुसरीचे स्थानही शंभराने पुढे सरकते.

छोट्या यंत्रात बहुधा प्रोसेसच नसतात. सगळे टास्क, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामे, एकाच मेमरीत चालतात. फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ कर्नलला तर फाइल ही कल्पनाच नाही, ती बाहेरून जोडलेल्या लायब्ररीतून येते. व्हीएक्सवर्क्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कर्नलमधील सर्व टास्कना मिळून फाइल डिस्क्रिप्टरचा एकच तक्ता असतो, म्हणजे एका टास्कने उघडलेली फाइल दुसरा टास्क बंद करू शकतो. पहिला थर असा सामाईक झाला तरी चालते. दुसरा आणि तिसरा थर मात्र एकत्र करू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण पुढील बहुतेक बिघाड तेथूनच सुरू होतात.

तक्त्याचा आकार आधी ठरवावा

चालू यंत्रात मेमरी मागून घेत तक्ता वाढवत नेण्याची पद्धत येथे टाळावी. एकाच वेळी जास्तीत जास्त किती फाइली उघड्या असतील हे कागदावर मोजावे आणि तेवढ्या घरांचा तक्ता स्थिर मेमरीत ठेवावा. आपल्या यंत्रात मोजमापांची फाइल, घटनांची फाइल, सुरुवातीला वाचून लगेच बंद होणारी सेटिंगची फाइल आणि मोबाइलवर नोंदी पाठवताना वाचली जाणारी फाइल अशा चार होतात. एखादे घर जादा ठेवून पाच पुरेत.

हा हिशेब महत्त्वाचा का, तर एसटीएम३२एफ१०३सी८ या स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये सगळी मिळून २० किलोबाइट रॅम असते. कार्डावरील फॅट पद्धतीच्या फाइली हाताळणाऱ्या फॅटएफएस या लायब्ररीत प्रत्येक उघड्या फाइलसोबत ५१२ बाइटचा स्वतंत्र बफर असतो, त्यामुळे एका फाइलमागे सुमारे ५५० बाइट लागतात. पाच फाइलींना पावणेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे रॅमचा सातवा-आठवा हिस्सा. टायनी हा पर्याय निवडला तर फाइलचा स्वतःचा बफर जातो, सगळ्या फाइली कार्डामागील एकच बफर वापरतात आणि एका फाइलचा खर्च सुमारे ४० बाइटांवर येतो. मात्र दोन फाइलींवर आळीपाळीने काम चालू असेल, तर तोच बफर पुन्हा पुन्हा रिकामा करून भरावा लागतो आणि वेग घसरतो. ओलाव्याच्या नोंदीला वेगाची घाई नसते, म्हणून येथे मी टायनीच निवडेन.

घरात काय असावे आणि ते कसे द्यावे

तक्त्याच्या प्रत्येक घरात अवस्था, परवानगी, चालू स्थान, फाइलच्या सामाईक नोंदीकडे जाणारा पॉइंटर, चालू असलेल्या कामांची संख्या आणि पिढी क्रमांक एवढे असावे. अवस्था चार ठेवाव्यात: रिकामे, राखीव, चालू आणि बंद होत असलेले. नुसते रिकामे आणि भरलेले असे दोनच प्रकार ठेवले, तर एक टास्क फाइल शोधण्यात गुंतलेला असताना दुसरा टास्क तेच घर घेऊन बसतो.

उघडण्याचा क्रम असा असावा. म्युटेक्स घ्यावा, पहिले रिकामे घर शोधून त्याला राखीव अशी खूण करावी आणि म्युटेक्स लगेच सोडावा. त्यानंतरच कार्डाकडे जावे, कारण एसडी कार्डाला एखादे लेखन पूर्ण करायला २५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेण्याची मुभा असते आणि तेवढा वेळ म्युटेक्स अडवून ठेवला तर ज्यांचा त्या फाइलशी काहीही संबंध नाही असे टास्कही खोळंबतात. फाइल सापडली की पुन्हा म्युटेक्स घेऊन घर भरावे व ते चालू करावे. सापडली नाही तर ते रिकामे करावे आणि मगच त्रुटी परत करावी. घर रिकामे करण्याची ही एक ओळ विसरली गेली, तर प्रत्येक फसलेल्या प्रयत्नामागे एक घर कायमचे अडकते. कार्ड नीट न बसलेल्या पेटीत असे पाच प्रयत्न झाले की तक्ता भरतो, आणि कार्ड पुन्हा नीट बसवले तरी एकही फाइल उघडत नाही.

बंद करताना क्रम उलटा ठेवावा. घराला आधी बंद होत असल्याची खूण करावी, म्हणजे नवे वाचन-लेखन नाकारले जाईल. चालू कामांची संख्या शून्यावर येईपर्यंत थांबावे. बफरमधील शिल्लक मजकूर कार्डावर लिहावा. आणि शेवटी पिढी क्रमांक एकाने वाढवून घर रिकामे करावे.

पिढी क्रमांकाचे प्रयोजन असे आहे. फाइलचा क्रमांक हा देवळाबाहेर चपला ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा असतो: बिल्ला परत केला की तोच दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. एखाद्या टास्कने बंद केलेल्या फाइलचा क्रमांक जुन्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवला आणि दरम्यान तेच घर घटनांच्या फाइलला मिळाले, तर ओलाव्याचे आकडे कसलीही त्रुटी न येता घटनांच्या फाइलमध्ये लिहिले जातात. क्रमांकाच्या खालच्या आठ बिटांत घर आणि वरच्या बिटांत पिढी ठेवली, तर जुना क्रमांक पहिल्याच तपासणीत पकडला जातो. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पोसिक्स या प्रमाण नियमाप्रमाणे मात्र सर्वांत लहान मोकळा क्रमांकच द्यावा लागतो, म्हणून ही युक्ती आपल्या स्वतःच्या इंटरफेसमध्येच वापरता येते.

एक फाइल, दोन लेखक

फॅटएफएसमध्ये प्रत्येक उघड्या फाइलच्या ऑब्जेक्टमध्ये तिच्या आकाराची स्वतंत्र प्रत असते, म्हणजे वर सांगितलेला तिसरा थर तेथे सामाईक नसतो. एकच फाइल दोन ठिकाणी लेखनासाठी उघडली, तर दोघांच्या हिशेबी आकार वेगवेगळा राहतो आणि फाइलच नव्हे तर कार्डावरील क्लस्टरांची, म्हणजे फाइलला दिलेल्या सेक्टरांच्या गटांची, साखळीही बिघडू शकते. हे टाळण्यासाठी एफएफ_एफएस_लॉक या सेटिंगमध्ये एकाच वेळी उघडायच्या फाइलींची संख्या द्यावी. मूळ सेटिंग शून्य असते, म्हणजे ही राखण बंद असते. ती चालू केली की चुकीचे दुसरे उघडणे त्रुटी देऊन परत येते. अनेक टास्कनी एकाच वेळी लायब्ररीला हाक मारण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि त्याचे सेटिंगही वेगळे आहे. तरीही माझ्या मते लेखनाचे सारे काम एकाच टास्ककडे द्यावे आणि इतरांनी त्याच्या रांगेत मजकूर टाकावा. त्यामुळे ही दोन्ही सेटिंगे मुख्य आधार न राहता केवळ खबरदारी उरतात.

वीज जाते तेव्हा

फॅट पद्धतीत डिरेक्टरीमधील प्रत्येक नोंद ३२ बाइटांची असते आणि तिच्या शेवटच्या चार बाइटांत फाइलचा आकार असतो. नवी फाइल उघडून तिच्यात दिवसभर मजकूर लिहिला, तरी खरा आकार आणि पहिल्या क्लस्टरचा क्रमांक रॅममधील नोंदीतच राहतो. कार्डावर तो फाइल बंद करताना किंवा लायब्ररीतील एफ_सिंक हे फंक्शन बोलावल्यावरच जातो. मध्येच वीज गेली तर मजकूर असलेले सेक्टर कार्डावर जसेच्या तसे असतात, पण डिरेक्टरी सांगते की आकार शून्य. संगणकावर अशी फाइल रिकामी उघडते आणि तिचे क्लस्टर बेवारस ठरतात.

यावर फाइल सतत उघडायची व मिटायची, असा उपाय पुष्कळजण करतात. त्यापेक्षा फाइल उघडी ठेवून एफ_सिंक बोलवावे, कारण ते बंद करताना होणारे सारे लेखन करते आणि घर मात्र आपल्याकडेच राहते. दर दहा मिनिटांनी एकच आकडा लिहायचा असेल तर प्रत्येक आकड्यानंतर सिंक करावे. दर सेकंदाला लिहायचे असेल तर मिनिटाला एकदा करावे आणि एका मिनिटाची नोंद जाऊ शकते हे मान्य करावे. फॅटऐवजी लिटलएफएस ही फाइल सिस्टिम वापरल्यास वीज गेल्यावर फाइल शेवटच्या सिंकच्या वेळी जशी होती तशी परत मिळते, कारण तिची रचनाच त्यासाठी केलेली आहे. पण सिंक न झालेला मजकूर तेथेही जातो, आणि कार्ड काढून थेट संगणकात वाचण्याची सोय राहत नाही.

तक्ता डोळ्यांनी पाहता यावा

लिनक्सवर प्रॉक डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसच्या उघड्या फाइली पाहता येतात आणि व्हीएक्सवर्क्समध्ये त्यासाठी आयओएसएफडीशो ही आज्ञा आहे. आपल्या यंत्रातही सिरियल पोर्टवर एक अक्षर पाठवताच प्रत्येक घराची अवस्था, फाइलचे नाव, उघडणाऱ्या टास्कचे नाव आणि चालू स्थान छापले जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी. त्यासोबत आजवर एकाच वेळी जास्तीत जास्त किती घरे भरली होती, तो आकडाही छापावा. यंत्र आठवडाभर चालल्यावर हा आकडा तीनवर स्थिर असेल तर पाच घरांचा अंदाज योग्य होता. तो हळूहळू चढत असेल तर कोठेतरी त्रुटीच्या वाटेवर बंद करणे राहून गेले आहे, आणि टास्कच्या नावावरून ती जागा शोधता येते. तक्ता भरल्यावर येणारी त्रुटी आणि फाइल न सापडल्याची त्रुटी यांना वेगळे आकडे द्यावेत. लिनक्समध्ये प्रोसेसचा तक्ता भरल्याची त्रुटी २४ आणि चुकीच्या डिस्क्रिप्टरची ९ असते, तेच आकडे वापरले तर संगणकावर चाचणी घेणे सोपे जाते.

यंत्र कुळागरात नेण्यापूर्वी दोन चाचण्या टेबलावरच घ्याव्यात. पहिलीत कार्ड काढून फाइल उघडण्याचे प्रयत्न तक्त्यातील घरांच्या दुप्पट वेळा करावेत आणि मग कार्ड घालून फाइल उघडते का ते पाहावे. दुसरीत लेखन चालू असताना वीजपुरवठा तोडावा, कार्ड संगणकात घालावे आणि डिरेक्टरीतील आकार शेवटच्या सिंकपर्यंतच्या मजकुराइतका आहे का ते तपासावे. ही चाचणी वेगवेगळ्या क्षणी पुन्हा पुन्हा घ्यावी, कारण एकदा जमलेले तोडणे सिंकच्या नेमके आधी झाले की नंतर, हे बाहेरून दिसत नाही.