‘नोसफेराटू’ कसा पाहावा : शंभर वर्षांपूर्वीच्या पिशाचपटाची नीट ओळख करून घेण्यासाठी

1922 साली बर्लिनमध्ये प्रदर्शित झालेला ‘नोसफेराटू’ हा मूकपट भयपटांविषयीच्या कोणत्याही चर्चेत येतोच. तरीही तो पहिल्यांदा पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांची निराशा होते. माणसे तुरुतुरु चालताना दिसतात, रात्र म्हणून सांगितलेल्या प्रसंगांत लख्ख ऊन पडलेले असते, मागे कुठलेतरी असंबद्ध संगीत वाजत असते, आणि पंधरा-वीस मिनिटांत प्रेक्षक ‘त्या काळी लोक यालाही घाबरत असतील’ असे म्हणून चित्रपट बंद करतो. माझ्या मते यात दोष बहुधा चित्रपटाचा नसतो, हाती लागलेल्या प्रतीचा असतो. दिग्दर्शक फ्रीड्रिख विल्हेल्म मुर्नाऊ यांनी जे घडवले त्याच्या जवळ जाणारी प्रत निवडली आणि थोडी तयारी करून पाहिली, तर हा चित्रपट आजही अंगावर येतो. ती निवड आणि तयारी कशी करावी, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी : योग्य प्रत निवडणे

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, कारण येथे चूक झाली तर पुढचे सारे व्यर्थ जाते. या चित्रपटाच्या असंख्य प्रती फुकट उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच प्रतींच्या प्रती काढत काढत पुसट झालेल्या आहेत. चांगली प्रत ओळखण्यासाठी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट रंगाची. ‘नोसफेराटू’ कृष्णधवल चित्रपट म्हणून ओळखला जातो. परंतु 1922 च्या प्रेक्षकांनी तो निव्वळ काळ्या-पांढऱ्यात पाहिला नव्हता. तेव्हाची फिल्म प्रकाश टिपण्यात इतकी मंद होती की बाहेर, खऱ्या रात्री, चित्रीकरण करणे जवळजवळ अशक्य असे. म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित करून प्रतीचा तेवढा भाग निळ्या रंगात बुडवला जाई. दिव्याच्या उजेडातील खोल्यांना पिवळसर आणि पहाटेला गुलाबी छटा दिली जाई. पुढे कृष्णधवल फिल्मवर प्रती काढताना या छटा गेल्या, आणि सूर्यप्रकाशाने नष्ट होणारा काउंट ओरलॉक, म्हणजे या चित्रपटातील पिशाच, भर उन्हात स्वतःची शवपेटी काखेत घेऊन गावातून हिंडू लागला. प्रत पारखण्यासाठी हाच प्रसंग शोधावा. ओरलॉक पेटी घेऊन निघालेला दृश्यखंड निळा दिसत असेल तर प्रत विश्वासार्ह आहे. करडा आणि उन्हाळलेला दिसत असेल तर ती सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट वेगाची. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि सेकंदाला साधारण 16 ते 20 चौकटी (फ्रेम) टिपल्या जात. बोलपटांबरोबर 24 चौकटींचे प्रमाण रूढ झाले, आणि जुने मूकपट त्याच वेगाने दाखवल्यावर त्यांतील माणसे बाहुल्यांसारखी धावू लागली. ‘नोसफेराटू’च्या बाबतीत हे नुकसान विशेष मोठे आहे. कथेतील तरुण दलाल हुटर याला ओरलॉकच्या किल्ल्याकडे नेणारी बग्गी मुर्नाऊ यांनी मुद्दाम अनैसर्गिक वेगाने धावताना दाखवली आहे, आणि शवपेट्या गाडीवर रचणारा ओरलॉकही तसाच झटक्याझटक्याने हलतो. माणसे माणसांच्या चालीने चालली, तरच पिशाचाचा हा वेग अमानुष वाटणार; सगळेच धावत असतील तर तो फरक कळणार कसा? फ्रीड्रिख विल्हेल्म मुर्नाऊ प्रतिष्ठानाने 2006 च्या सुमारास पुनःसंस्कारित केलेली प्रत सुमारे 94 मिनिटांची आहे. प्रत सव्वा तासाच्या आत संपत असेल, तर ती वेगाने चालवलेली आहे किंवा तिच्यातील काही भाग गाळलेला आहे, असे समजावे.

तिसरी गोष्ट पात्रांच्या नावांची. मूळ जर्मन प्रतीत तरुण दलालाचे नाव हुटर, त्याच्या पत्नीचे एलेन, पिशाचाचे काउंट ओरलॉक आणि गावाचे विस्बोर्ग असे आहे. मजकुराच्या पाट्यांवर ड्रॅक्युला, हार्कर, नीना आणि ब्रेमेन अशी नावे दिसू लागली, तर ती पुढे परदेशी प्रेक्षकांसाठी बदललेली आवृत्ती आहे. तीही पाहता येते, पण पहिल्या खेपेस नको.

दुसरी पायरी : संगीताचा निर्णय

मूकपट निःशब्द वातावरणात पाहिला जात नसे. आपल्याकडे मूकपटांच्या खेळांना पेटी-तबल्याची साथ असे, तशी बर्लिनमध्ये वाद्यवृंदाची असे. ‘नोसफेराटू’साठी हान्स एर्डमान यांनी स्वतंत्र संगीतरचना केली होती. तिचा मोठा भाग हरवला. तथापि त्यांनी त्याच संगीतातून काढून प्रसिद्ध केलेली वाद्यरचना टिकली आणि तिच्या आधारे मूळ संगीत पुन्हा जुळवण्यात आले. पहिल्यांदा हेच संगीत असलेली प्रत घ्यावी. नंतरच्या काळात या चित्रपटाला विद्युतवाद्यांपासून ऑर्गनपर्यंत अनेकांनी साथ दिली आहे आणि त्यांतील काही रचना चांगल्याही आहेत. मात्र बऱ्याच रचना पहिल्या मिनिटापासून किंचाळू लागतात, आणि मग गावातील त्या सुरुवातीच्या फुलाफुलांच्या सकाळीचा अर्थच राहत नाही. आवाज पूर्ण बंद करून पाहण्याचा सल्ला काही अभ्यासू मंडळी देतात. तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी राखून ठेवावा.

तिसरी पायरी : पाहण्यापूर्वी थोडी माहिती

कथा आधी कळली तर मजा जाईल ही भीती येथे बाळगू नये. ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरून हेन्रिक गालेन यांनी पटकथा लिहिली, आणि निर्मात्यांनी कादंबरीचे हक्क घेतलेच नाहीत. लंडनऐवजी 1838 मधले एक काल्पनिक जर्मन गाव आले, नावे बदलली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवट बदलला. कादंबरीतील ड्रॅक्युला दिवसा हिंडूफिरू शकतो. सूर्याच्या पहिल्या किरणाने पिशाचाचा नाश होतो ही कल्पना चित्रपटांत येथून सुरू झाली, आणि आज ती पिशाचकथांचा जणू सनातन नियम मानली जाते. नारायण धारपांच्या कथा वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हा बदल किती दूरवर पोहोचला आहे, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक संदर्भ ध्यानात ठेवावा. हा चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांच्या मागे पहिले महायुद्ध आणि 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ नुकतीच होऊन गेली होती. मुर्नाऊ स्वतः युद्धात वैमानिक होते. ओरलॉक विस्बोर्गला येतो तो उंदीर आणि प्लेग घेऊन. अरुंद गल्लीतून एकामागून एक नेल्या जाणाऱ्या शवपेट्यांचे जे दृश्य आहे, ते त्या प्रेक्षकांसाठी काल्पनिक नव्हते. कोरोनाच्या काळानंतर आपल्यालाही ते पूर्वीइतके परके वाटत नाही.

चौथी पायरी : पहिले पाहणे

खोली पूर्ण अंधारी असावी आणि पडदा जमेल तेवढा मोठा असावा. मोबाइलवर हा चित्रपट पाहू नये, कारण त्यातील भीती अनेकदा चौकटीच्या कोपऱ्यात किंवा दूरच्या दारात उभी असते. चित्रपट पाच अंकांत विभागलेला आहे, त्यामुळे थांबायचेच असेल तर अंक संपल्यावर थांबावे. जहाजाचा प्रसंग मात्र मध्येच तोडू नये. एकेक खलाशी नाहीसा होत जातो, तळघरातील पेटीतून ओरलॉक फळीसारखा ताठ उभा राहतो, आणि अखेर कोणीही चालवत नसलेले जहाज शांतपणे बंदरात शिरते. हा सारा क्रम एका दमात पाहण्यासाठी रचलेला आहे.

पहिल्या वेळी दचकण्याची वाट पाहू नये. दचकवणे हा या चित्रपटाचा मार्ग नाही. माक्स श्रेक यांचा ओरलॉक पडद्यावर एकूण जेमतेम दहा मिनिटांच्या आसपास दिसतो. उरलेला वेळ तो येत असल्याच्या जाणिवेने व्यापलेला आहे. अभिनयाची सवय व्हायलाही थोडा वेळ लागतो. गुस्ताव फॉन वांगेनहाइम यांचा हुटर सुरुवातीला खिदळतो, उड्या मारतो, आणि आजच्या डोळ्यांना तो अतिशय बटबटीत वाटतो. मला तो अजूनही थोडा वाटतोच. पण त्याच्या शेजारी श्रेक यांची जवळजवळ न हलणारी आकृती ठेवून पाहिली की हा विरोध हेतुपूर्वक साधलेला असावा, असे मानायला जागा आहे.

पाचवी पायरी : दुसऱ्यांदा पाहताना कुठे लक्ष द्यावे

या चित्रपटाचे खरे बळ दुसऱ्या पाहण्यात कळते, आणि त्यासाठी प्रथम जागांकडे पाहावे. दोनच वर्षांपूर्वी आलेला ‘डॉ. कॅलिगारी’ हा जर्मन मूकपट रंगवलेल्या वाकड्यातिकड्या भिंतींसमोर, स्टुडिओत घडला होता. मुर्नाऊ आणि छायाचित्रकार फ्रिट्झ आर्नो वाग्नर कॅमेरा घेऊन बाहेर पडले. विस्बोर्ग म्हणून दिसते ते मुख्यतः उत्तर जर्मनीतील विस्मार. ओरलॉक विकत घेतो ती ओसाड घरे म्हणजे ल्यूबेकमधील मिठाची जुनी गोदामे. आणि त्याचा किल्ला म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातील ओरावा. या सर्व जागा आजही उभ्या आहेत. खऱ्या डोंगरातून, खऱ्या वाऱ्यातून आणि खऱ्या बंदरातून भय येते, म्हणून ते नेपथ्याबरोबर जुने होत नाही. चित्रपटाचे आकर्षण शंभर वर्षे टिकण्याचे एकच कारण सांगायचे झाले, तर मी हे सांगेन.

त्यानंतर कमानी पाहाव्यात. ओरलॉक पुन्हा पुन्हा दारांच्या आणि बोगद्यांच्या कमानींत उभा राहतो, आणि त्याची निमुळती आकृती त्या चौकटीत शवपेटीत बसावी तशी बसते. किल्ल्याकडे जाणाऱ्या बग्गीच्या प्रवासात काही क्षण फिल्मची निगेटिव्हच दाखवली आहे, त्यामुळे झाडे पांढरीफटक आणि आकाश काळे दिसते. कोणतीही यंत्रसामग्री न वापरता, केवळ फिल्म उलटी करून, प्रेक्षकाला दुसऱ्या जगात नेण्याची ही युक्ती आजही फसत नाही.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे संकलन. किल्ल्यात ओरलॉक झोपलेल्या हुटरवर झुकतो. त्याच वेळी शेकडो मैलांवर विस्बोर्गमध्ये एलेन झोपेतून उठून हात पुढे करते आणि किंचाळते. आणि ओरलॉक थांबून मागे वळतो. दोघे दोन वेगळ्या देशांत आहेत, मात्र दृश्यांच्या जोडणीमुळे ते एकमेकांकडे पाहत असल्याचा भास होतो. पुढे एलेन समुद्रकिनारी, वाळूत रोवलेल्या क्रुसांमध्ये बसून वाट पाहते. नवरा घोड्यावरून जमिनीच्या मार्गाने परतत आहे आणि समुद्रातून येत आहे तो ओरलॉक. ग्रेटा श्रोडर यांची एलेन नेमकी कोणाची वाट पाहते, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही आणि सोडवतही नाही. माशी पकडणारी मांसाहारी वनस्पती दाखवणारा प्राध्यापक आणि कोठडीत माश्या खाणारा हुटरचा मालक क्नोक हे प्रसंग याच दृष्टीने पाहावेत. प्रथम ते कथेबाहेरचे वाटतात, पण सगळ्या निसर्गातच हे रक्तशोषण चालू आहे असे ते सुचवतात.

सावल्यांविषयी फार लिहिले गेले आहे, म्हणून येथे एवढेच : जिन्यावर चढणारी सावली सर्वांना ठाऊक असते, पण त्यानंतर एलेनच्या छातीवर सरकून मूठ आवळणारी हाताची सावली अधिक नीट पाहावी.

सहावी पायरी : चित्रपटाचे पुढे काय झाले ते जाणून घेणे

निर्माते आणि कलादिग्दर्शक आल्बिन ग्राऊ यांच्या प्राना-फिल्म या कंपनीने 4 मार्च 1922 रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील संगमरवरी सभागृहात थाटाचा पहिला खेळ केला आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी खटला भरला, आणि 1925 मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. परदेशी गेलेल्या प्रती मात्र वाचल्या, आणि आजची पुनःसंस्कारित आवृत्ती त्यांतूनच जुळवली गेली आहे. ज्यांना कोणी नष्ट करण्याचा आदेश दिला नव्हता असे बाबूराव पेंटर यांचे बहुतेक मूकपट मात्र आज आपल्याला पाहायला मिळत नाहीत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

याच टप्प्यावर एक अवघड चर्चाही वाचावी. पूर्वेकडून उंदीर आणि रोगराई घेऊन येणारा, बाकदार नाकाचा परका, ही प्रतिमा त्या काळच्या ज्यूद्वेषी व्यंगचित्रांशी जुळते, असे अनेक समीक्षकांनी दाखवले आहे. पटकथाकार गालेन आणि क्नोकची भूमिका करणारे आलेक्झांडर ग्रानाख स्वतः ज्यू होते, म्हणून निर्मात्यांच्या हेतूविषयी घाईने निष्कर्ष काढता येत नाही; तरी प्रतिमा हेतूपेक्षा लांब जातात, आणि जर्मनीत पुढे काय घडले ते आपल्याला माहीत आहे.

सातवी पायरी : इतरांना दाखवणे आणि पुढचे चित्रपट

मित्रमंडळींत किंवा फिल्म सोसायटीत दाखवायचा असेल, तर सुरुवातीला रंगछटा आणि वेग यांविषयी दोन मिनिटे बोलावे आणि बाकीचे निवेदन नंतरसाठी ठेवावे. सार्वजनिक खेळापूर्वी प्रतीचे हक्क तपासावेत, कारण मूळ चित्रपट मुक्त असला तरी पुनःसंस्कारित आवृत्ती आणि नव्याने ध्वनिमुद्रित केलेले संगीत यांवर स्वतंत्र हक्क असू शकतात. पुढे जायचे असल्यास व्हेर्नर हेर्झोग यांचा 1979 चा आणि रॉबर्ट एगर्स यांचा 2024 चा ‘नोसफेराटू’ याच क्रमाने पाहावेत, आणि प्रत्येकात समुद्रावरून येणारे जहाज आणि एलेनच्या जागी असलेली स्त्री कशी हाताळली आहे, एवढ्याच दोन गोष्टींची तुलना करावी.