रंगकाम काढायच्या आधी स्प्रिंकलरला पिशवी बांधा

दिवाळी जवळ आली की बेळगावात टिळकवाडी, शहापूरकडं अपार्टमेंटचं रंगकाम निघतंच, आणि पेंटर लोक बेसमेंट पार्किंगचं छत मारताना स्प्रिंकलरवर, म्हणजे आग लागली की आपोआप पाणी सोडणाऱ्या छतावरच्या तोंडांवर (हेडवर) पण रोलर फिरवून मोकळे होतात. त्यातली लाल काचेची कुपी साधारण ६८ डिग्रीला फुटते तेव्हाच पाणी सुटतं, तिच्यावर रंग बसला की ती उशिरा फुटणार, कधी उघडणारच नाही.

मग एवढं करा:

१. काम सुरू व्हायच्या दिवशीच प्रत्येक हेडवर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रबर बँड लावा. चिकटपट्टी थेट हेडला नको, आणि बांधताना हेड पिळायचं नाही, कुपी लई नाजूक असते.

२. पिशव्या किती बांधल्या ते जिन्याजवळ मराठी कन्नड दोन्हीत लिहून चिकटवा, कारण पेंटर बदलत असतात.

३. त्या भागाचा हात मारून झाला की लगेच पिशव्या काढा आणि मोजून घ्या बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं, एक जरी राहिली तरी ते हेड आगीच्या वेळी उशिरा उघडणार.

आधीच रंग लागलेला असेल तर थिनर, पॉलिश पेपर काही लावू नका, घासून हेड नीट होत नाही. ते बदलायचंच, त्याच डिग्रीचं, आणि लाईनमधलं पाणी काढून मेंटेनन्सवाल्याकडूनच.